लिनक्स डेस्कटॉपचा आवाज गेला, स्क्रीन बिघडली: फॉरमॅट मारण्याआधी काय तपासायचं

सोलापुरात सेकंडहँड ऑफिस-कॉम्प्युटर घेऊन त्यावर लिनक्स चालवणारे बरेच आहेत. अभ्यासिका, डीटीपीची दुकानं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेल-चादरींची ऑफिसं. अशा मशिनींची देखभाल मी करतो आणि दोन तक्रारी फिरून फिरून येतात: आवाज येईना, नाहीतर स्क्रीन नीट दिसेना. "काल चालू होतं की ओ, आज काय झालंय बघा की." पाठोपाठ कुणीतरी सल्ला दिलेला असतोच, फॉरमॅट मारा म्हणून. या सल्ल्यापायी लोकांची डिझाइनं आणि बिलांच्या फायली गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि दोष शेवटी केबलमध्ये निघालेला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत करा.

लक्षणं

आवाजाची:

- आवाजाची पट्टी पुढेमागे सरकते, पण स्पीकर गप्प.
- साउंड सेटिंगमध्ये कार्डाच्या नावाऐवजी 'डमी आउटपुट' दिसतं.
- मागच्या जॅकला आवाज आहे आणि पुढच्या हेडफोनला नाही, किंवा याच्या उलट.
- काहीही वाजण्याआधी 'टक्' होतं आणि पहिला शब्द गिळला जातो.
- स्पीकरमधून सतत घुंऽऽ असा आवाज येतो.
- मॉनिटर बदलला, त्या दिवसापासून आवाज नाही.

चित्राची:

- मॉनिटरवर 'नो सिग्नल', सीपीयूचा पंखा मात्र फिरतोय.
- अक्षरं अवाढव्य, रिझोल्यूशन १०२४ × ७६८ च्या वर जातच नाही.
- एक रंग गायब, सगळं पिवळट किंवा गुलाबी.
- टीव्हीला जोडलं तर कडा कापल्या जातात.
- अपडेटनंतर काळी स्क्रीन.
- पासवर्ड बरोबर टाकला तरी स्क्रीन लुकलुकते आणि परत पासवर्डच मागते.

आधी ठरवा, दोष कुठल्या बाजूचा

हे ठरवायला पैसा लागत नाही आणि निम्मं काम इथेच होतं. मॉनिटरच्या बटणांनी त्याचा स्वतःचा मेनू उघडा. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, कॉम्प्युटरचा त्यात हात नसतो. मेनूही पिवळा दिसतोय, थरथरतोय, तर दोष मॉनिटरचा. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र खराब असेल तर केबल किंवा कॉम्प्युटर.

दुसरी तपासणी स्क्रीनशॉटची. स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवा. तिथे तो नीट दिसला, तर कॉम्प्युटरनं चित्र बरोबर तयार केलंय आणि बिघाड त्याच्या पुढच्या वाटेवर आहे. यात एक मेख आहे. 'नाइट लाइट' चालू असेल तरी स्क्रीन पिवळी दिसते आणि स्क्रीनशॉट सहसा साधाच येतो. म्हणून आधी नाइट लाइट बंद आहे का ते बघा.

एका टॉवेलच्या ऑफिसात डिझाइन करणारा मुलगा हैराण झाला होता. पांढरा पाया पिवळट दिसतोय म्हणून तो डिझाइनमधले रंगच बदलायला निघाला होता. नाइट लाइट बंद होतं. मोबाइलवर स्क्रीनशॉट पांढराशुभ्र. मॉनिटरचा मेनूही ठीक. राहिली केबल. ती काढून उजेडात धरली तर व्हीजीए प्लगातली तिसरी पिन आडवी झोपलेली. पहिली पिन लाल रंगाची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. निळा गेला की पांढरं पिवळं होतं, हिरवा गेला की गुलाबी-जांभळं, लाल गेला की निळसर-हिरवं. क्लच पेन्सिलीतलं शिसं काढून तिचं टोक पिनवर चढवलं आणि हळूच सरळ केली. त्यानंतर डिझाइनला हात लावावा लागला नाही. पिना तपासताना नववी पिन नसली तर घाबरू नका, बऱ्याच केबलींत ती मुळातच नसते.

तिसरी तपासणी लाइव्ह पेनड्राइव्हची. उबुंटू किंवा मिंटचा (हे लिनक्सचेच दोन प्रकार) पेनड्राइव्ह बनवून ठेवा, त्यावरून मशीन सुरू करा आणि 'इन्स्टॉल' न दाबता नुसतं वापरून बघा. तिथे आवाज आला, चित्र नीट दिसलं, तर हार्डवेअर धडधाकट आहे आणि घोळ तुमच्या इन्स्टॉल केलेल्या सिस्टिमच्या सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आहे. तिथेही तेच रडगाणं असेल तर फॉरमॅट मारून काहीच हाती लागणार नाही. ही तपासणी न करता फॉरमॅटचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका.

आवाज: सोप्याकडून अवघडाकडे

सगळ्यात आधी स्पीकरची वायर मोबाइलला लावून वाजवून बघा. मोबाइलला जॅक नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. मग प्लग कुठे घातलाय ते बघा. मागच्या बाजूला हिरवा जॅक आवाज बाहेर काढण्याचा, गुलाबी माइकचा, निळा आवाज आत घेण्याचा. साफसफाईच्या वेळी वायरी काढल्या की हिरव्याऐवजी निळ्यात जातात, हे नेहमीचंच.

त्यानंतर साउंड सेटिंग उघडून आउटपुट कुठलं निवडलंय ते बघा. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच्या केबलीतून चित्राबरोबर आवाजही जातो. नवा मॉनिटर लागला की सिस्टिम कधीकधी आवाज तिकडे वळवते, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. 'मॉनिटर बदलल्यापासून आवाज नाही' या तक्रारीचं बहुतेक वेळा हेच कारण. 'ॲनालॉग' किंवा 'लाइन आउट' निवडा, काम झालं.

एवढ्यानं नाही भागलं तर पावूकंट्रोल इन्स्टॉल करा. 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' या नावानं ते सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतं. गाणं लावून पहिल्या टॅबवर बघा. पट्टी नाचतेय म्हणजे गाणं आवाज पाठवतंय, अडथळा पुढे आहे. पट्टी मेलेली असेल तर ब्राउझरच्या त्या टॅबचाच आवाज बंद नाही ना ते बघा. शेवटच्या 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये कार्डाचं प्रोफाइल 'ऑफ' असेल तर बाकी काहीही करा, आवाज येणार नाही. तिथे 'ॲनालॉग स्टिरिओ' निवडा.

आता अल्सामिक्सर. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, तेवढंच टाइप करा. सुरुवातीला एकच पट्टी दिसेल. एफ६ दाबून खरं कार्ड निवडा, बऱ्याच मशिनींवर ते 'एचडीए इंटेल' या नावानं असतं. मग मास्टर, हेडफोन, फ्रंट, स्पीकर अशा पट्ट्या उभ्या राहतील. पट्टीखाली 'एमएम' म्हणजे बंद, दोन शून्यं म्हणजे चालू. एम दाबलं की बदलतं. वरच्या सेटिंगमध्ये सगळं चालू दिसत असतानाही इथे खाली एखादी पट्टी बंद असू शकते, म्हणून इथवर उतरून बघायचं. बदल केल्यावर 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर' द्या ('सुडो' म्हणजे कमांड मुख्य मालकाच्या अधिकारानं चालवणं). एरवी ही सेटिंग मशीन बंद होताना आपोआप जतन होते, पण वीज अचानक गेली तर ती संधीच मिळत नाही आणि पुढच्या वेळी जुनी अवस्था परत येते. आवाज कधी येतो, कधी नाही, अशी तक्रार असणाऱ्यांनी हे करून बघावंच.

अल्सामिक्सरमध्ये उजवीकडे सरकत गेलं की 'ऑटो-म्यूट मोड' दिसतो. पुढच्या जॅकमध्ये हेडफोन घातला की मागचे स्पीकर बंद करणं हे त्याचं काम. हेडफोन घातलाय हे जॅकमधल्या बारीक पत्रीवरून कळतं. आपल्याकडे मागांच्या जवळच्या ऑफिसांत कापसाचं तूस सगळीकडे शिरतं. त्या जॅकमध्ये तूस आणि धूळ साचून गठ्ठा झाला, किंवा पत्री ढिली पडली, की मशीनला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे, आणि स्पीकर कायमचे मुके होतात. ऑटो-म्यूट 'डिसेबल्ड' करून आवाज आला तर निदान पक्कं. तेवढ्यावर नाही आला तर पावूकंट्रोलच्या 'आउटपुट डिव्हाइसेस' टॅबमध्ये पोर्ट म्हणून 'लाइन आउट' हातानं निवडा, शेजारी 'अनप्लग्ड' लिहिलेलं असलं तरी. जॅक साफ करायचा तर मशीन बंद करून, मेन वायर काढून, थोड्या अंतरावरून ब्लोअर मारा. सुई किंवा टाचणी आत घालू नका, पत्री वाकते. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारत असाल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतानं तो भरधाव फिरला की बेअरिंगची वाट लागते.

'डमी आउटपुट' दिसत असेल तर टर्मिनलमध्ये 'एप्ले -एल' द्या. इथलं 'एल' लहान अक्षरातलं. कार्डाचं नाव आलं तर कार्ड जिवंत आहे आणि वरची आवाजसेवा अडकली आहे. ती परत सुरू करायची. लिनक्स मिंट २२ आणि उबुंटू २२.१० पासून पुढे ही सेवा पाइपवायर आहे, उबुंटू २२.०४ आणि मिंट २१ मध्ये पल्सऑडिओ. पाइपवायरसाठी 'सिस्टिमसीटीएल --यूझर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर', पल्सऑडिओसाठी 'पल्सऑडिओ -के'. यांच्याआधी सुडो लावू नका. ही सेवा त्या त्या वापरकर्त्याच्या नावानं चालते, रूट (सिस्टिमचा मुख्य मालक) म्हणून तिला हाक मारून उपयोग नाही. अभ्यासिकेत एकाच मशीनवर दोन-तीन खाती असतात. आधीच्यानं लॉगआउट न करता नुसतं 'स्विच यूझर' केलं असेल तर कार्ड त्याच्याकडेच अडकून राहू शकतं, तेही बघा.

'एप्ले -एल' मध्ये कार्डच नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा. 'ऑनबोर्ड ऑडिओ' बंद झालेलं असू शकतं. घड्याळही मागे गेलंय का ते बघा. तारीख जुनी दिसली तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. हा ३ व्होल्टचा चपटा सेल कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. तो संपलेला असला की वीज गेल्यावर बायोसची सेटिंग मूळपदावर जाते आणि तुम्ही केलेली दुरुस्ती पुसली जाते. तारीख चुकली की वेबसाइटीही उघडायला कुरकुर करतात, त्यामुळे लोकांना वाटतं इंटरनेटही बिघडलं.

'टक्' आवाजाचं कारण वेगळं आहे. काही वाजत नसताना वीज वाचवायला ड्रायव्हर कार्डाला झोपवतो, आणि उठताना ते टकटकतं. 'एसएनडी_एचडीए_इंटेल' या मॉड्यूलचा (साउंड कार्डाच्या ड्रायव्हरचा) 'पॉवर_सेव्ह' पर्याय शून्य केला की थांबतं. डेस्कटॉपला यानं वाचणारी वीज नगण्य असते, बिनदिक्कत बंद करा.

घुंऽऽ आवाजासाठी स्पीकरची वायर कॉम्प्युटरमधून उपसा. तरी घूं चालूच राहिलं तर दोष स्पीकरमध्ये. थांबलं तर कॉम्प्युटर आणि स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटवर आहेत का ते बघून दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. अर्थिंगमधला फरक मिटतो आणि बहुधा आवाजही जातो. काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. आवाज थांबतो, पण मशीनला काही झालं तर करंट अंगात येईल. ते कधीही करू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगही कमजोर होतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये ही तक्रार अचानक उद्भवली तर खड्ड्यात पाणी घालून बघायला वायरमनला सांगा.

चित्र: सोप्याकडून अवघडाकडे

'नो सिग्नल' आलं की मॉनिटरची केबल कुठल्या पोर्टला आहे ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर केबल कार्डालाच हवी. कार्ड असताना मदरबोर्डवरचं पोर्ट बऱ्याचदा बंद असतं. मॉनिटरच्या मेनूत इनपुट व्हीजीएवर आणि केबल एचडीएमआयची, हेही होतं. जुन्या ऑफिस-मशिनींना डिस्प्लेपोर्ट असतं आणि घरी मॉनिटर एचडीएमआयचा, मग मध्ये कन्व्हर्टर येतो. स्वस्त कन्व्हर्टर हा माझ्या लेखी पहिला संशयित. दुसरा लावून बघा. डिस्प्लेपोर्टची केबल काढताना वरचं बटण दाबा, नुसती ओढली तर पोर्टच उखडतं. आणि डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर झोपेतून उठत नसेल तर मॉनिटरची पॉवर केबल मिनिटभर पूर्ण काढून परत लावा. नुसतं बटण दाबून ते होत नाही.

रिझोल्यूशन १०२४ × ७६८ वर अडकलं तर लोक लगेच ड्रायव्हर शोधायला लागतात. आधी केबल बदला. मॉनिटर आपली माहिती, म्हणजे कुठलं रिझोल्यूशन झेपतं ते, १२८ बाइटच्या एका नोंदीत कॉम्प्युटरला कळवतो. तिला ईडीआयडी म्हणतात. व्हीजीए केबलमध्ये ही माहिती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जाते. हलक्या किंवा तुटक्या केबलीत त्या तारा जोडलेल्याच नसतात. चित्र येतं, रंग येतात, पण मॉनिटर कोण हे कॉम्प्युटरला कळत नाही आणि तो सावधपणे कमी रिझोल्यूशन देतो. केबल बदलूनही फरक पडला नाही, तरच ड्रायव्हरकडे वळा.

व्हीजीएवर चित्र एका बाजूला सरकलं किंवा अक्षरं धूसर झाली तर मॉनिटरचं 'ऑटो' बटण दाबा. टीव्हीवर कडा कापल्या जात असतील तर लिनक्समध्ये काही शोधू नका, टीव्हीच्याच पिक्चर सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असा पर्याय असतो.

पासवर्ड टाकूनही परत पासवर्डच मागत असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर अक्षरी लॉगिन येईल. आत जाऊन 'डीएफ -एच' द्या. मुख्य विभाजन १०० टक्के भरलेलं असेल तर डेस्कटॉपला लिहायला जागाच नाही, म्हणून तो उघडत नाही. 'सुडो ॲप्ट क्लीन' करा, कचरापेटी आणि डाउनलोड रिकामं करा. जागा असूनही हेच होत असेल तर घरच्या फोल्डरमधली 'डॉट एक्सऑथॉरिटी' ही फाइल रूटच्या मालकीची झाली आहे का ते बघा. झाली असेल तर सुडोनं तिचं नाव बदला, लॉगिन करताना नवी तयार होते.

अपडेटनंतरची काळी स्क्रीन बहुधा एनव्हीडिया कार्डवाल्यांच्या वाट्याला येते. मशीन सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा. ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मेनूच्या, यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये आधीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडा. त्यावर चित्र आलं तर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर तयार झाला नाही, एवढाच अर्थ. तूर्त जुन्यावर काम चालवा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर परत टाका.

जुना कर्नलही चालला नाही तर ग्रबमध्ये पहिल्या ओळीवर ई दाबा, 'लिनक्स' नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' जोडा आणि एफ१० दाबा. चित्र भरड येईल, रिझोल्यूशनही कमी असेल. हा उपाय तात्पुरता आहे, आत शिरून ड्रायव्हर बदलण्यापुरता. तो कायमचा ठेवू नका, नाहीतर ग्राफिक्सचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो. कार्डाचं वयही बघा. बाजारात सेकंडहँड मिळणारं जीटी ७१० चालवायला ४७० मालिकेचा ड्रायव्हर लागतो, नवीन मालिका त्याला ओळखत नाहीत.

ड्रायव्हर टाकून रीस्टार्ट केल्यावर निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' असं काही आलं तर ते टाळू नका. सिक्युअर बूट (अनोळखी ड्रायव्हर चढू न देणारी सुरक्षेची सोय) चालू असताना नव्या ड्रायव्हरवर तुमची संमती लागते आणि ती इथेच द्यायची असते, इन्स्टॉल करताना ठेवलेला पासवर्ड टाकून. घाईत 'कंटिन्यू' दाबलं की ड्रायव्हर टाकलेला असूनही चढत नाही, आणि एचडीएमआयमधून येणारा आवाजही त्याच्याबरोबर जाऊ शकतो. चित्र आणि आवाज एकाच दिवशी गेले असतील तर इथे बघा.

ड्रायव्हरला हात लावण्याआधी टाइमशिफ्टनं स्नॅपशॉट घ्या. मिंटमध्ये ते आधीपासून असतं. ते सिस्टिमचा फोटो ठेवतं, तुमच्या होम फोल्डरचा मात्र मुळात ठेवत नाही. डिझाइनं आणि हिशेबाच्या फायली वेगळ्या पेनड्राइव्हवर काढा. आणि एका वेळी एकच बदल करून बघा, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इथे थांबा

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मशीन बंद करा आणि आधी वायरमनला बोलवा, कॉम्प्युटरवाल्याला नंतर. जळका वास आला, मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, वळवाच्या पावसात वीज कडाडल्यानंतर मशीन मेलं, तर पुढे काही करू नका. पॉवर सप्लायचा डबा आणि मॉनिटरची पाठ उघडायची नाही. प्लग काढल्यानंतरही आतले कपॅसिटर भरलेले राहतात.

बायोसच्या स्क्रीनवरच चौकोन, रेघा, कचरा दिसत असेल तर लिनक्सचा त्यात संबंध नाही. कार्डाचा पंखा तुसानं बंद पडलाय का ते बघा, साफ करा. त्यावर सुधारणा नसेल तर कार्ड किंवा रॅम तपासून घ्यायला तंत्रज्ञाकडे न्या. हलणाऱ्या जॅकला डाग द्यायचं कामही त्याचंच. आणि बायोस अपडेट करायचा सल्ला मिळाला तर यूपीएस असल्याशिवाय करू नका. मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड उठायचा नाही.

दुकानात जाताना कागदावर लिहून न्या: लक्षण काय, कधीपासून, मॉनिटरच्या मेनूचा आणि स्क्रीनशॉटचा निकाल काय, लाइव्ह पेनड्राइव्हवर काय झालं. त्याच कागदावर ठळक अक्षरांत लिहा, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. शक्य असेल तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवा आणि पेनड्राइव्ह सोबत द्या. आवाज आणि चित्राची तपासणी त्यावरूनही होते.